स्मार्ट कुलूप बसवलंय, आता ते रोज भरवशाने कसं चालवायचं?

पाचवा_मजला

नमस्कार मंडळी. कुठलं स्मार्ट कुलूप घ्यावं हा प्रश्न नाही, त्यावर इथे आधीच भरपूर दळून झालंय. कुलूप घेतलंय, दाराला लागलंय. ते न कुरकुरता कसं चालेल, तेवढंच विचारायचंय.

डोंबिवलीत पाचव्या मजल्यावर टू बीएचके. लाकडी चौकट, फ्लश डोअर, त्याच्या बाहेर लोखंडी जाळीचं सेफ्टी डोअर. कुलूप थेट वायफायवरचं. बोट, आकडे, कार्ड, ॲप आणि किल्ली, सगळ्यांनी उघडतं. आत चार पेन्सिल सेल. राउटर हॉलच्या पार दुसऱ्या टोकाला टीव्हीच्या मागे, कारण फायबरवाल्याने वायर तिथेच आणून सोडली.

ॲपमधून दार उघडायला गेलं तर कधी लगेच उघडतं, कधी नुसतं गोल गोल फिरत बसतं आणि शेवटी 'डिव्हाइस ऑफलाइन'. सेल खोक्यावर लिहिलंय त्याच्या निम्मेही टिकत नाहीत. पाऊस सुरू झाल्यापासून मोटर घरघरते आणि मध्येच थांबून लाल दिवा दाखवते. आणि आईचं बोट मनात आलं तर घेतं, नाहीतर नाही. आम्ही दोघं लोकलवाले, घरी यायला आठ वाजतात. मुलगी शाळेतून साडेतीनला येते, आई दुपारी देवळात किंवा भाजीला गेलेली असते. दारात कुणी अडकून पडणं परवडण्यासारखं नाही.

कस्टमर केअरचं प्रत्येक तक्रारीवर एकच उत्तर: रिसेट करा. म्हणून इथे.

कडीकोयंडा

आमचं पितळी सात लिव्हरचं. सेल लागत नाहीत, रेंज लागत नाही. चालू द्या.

पाचवा_मजला

काका, किल्ली याही कुलपाला आहे. पण मुलीच्या दप्तरात किल्ली आठवडाभर टिकत नाही, म्हणून तर हा खटाटोप.

सुतारपक्षी

तुमच्या तक्रारींतल्या निदान दोन मला कुलपाच्या नाही, दाराच्या वाटतात. मोटर घरघरते म्हणजे बोल्ट, कुलपातून बाहेर येणारी दांडी, कुठेतरी घासतोय. किल्लीचं कुलूप लावताना आपण नकळत दार खांद्याने दाबतो, हँडल जरा वर उचलतो आणि मग किल्ली फिरवतो. मोटरला खांदा नाही. ती आपली ढकलत राहते, जास्त करंट ओढते, आणि ठरावीक मर्यादेनंतर कुलूप 'अडकलं' म्हणून हात वर करतं. तो जास्तीचा करंट त्या चार सेलमधूनच जातो, त्यामुळे सेल लवकर बसणं हेही बरंचसं इथलंच निघेल.

तपासायला पैसा लागत नाही. दार सताड उघडं ठेवा, बोल्ट आत-बाहेर करा आणि आवाज नीट ऐका. मग दार लावून तेच करा. दोन्ही आवाज सारखे आले तर दार निर्दोष. बंद दारात आवाज जड आला तर बोल्ट आणि चौकटीतली पट्टी (जिच्या खाचेत तो जातो) यांचं पटत नाहीये. नेमकं कुठे घासतंय ते बघायला बोल्टच्या टोकाला ओलं कुंकू नाहीतर खडू लावा, दार लावा, बोल्ट टाका, परत उघडा. पट्टीवर डाग पडलेला दिसेल. खाचेच्या खालच्या कडेला डाग असेल तर दार उतरलंय. बाजूच्या कडेला असेल तर दार पुरतं मिटत नाहीये, चौकटीचं रबर जाड असेल किंवा पातं फुगलं असेल.

दार उतरलं असेल तर पट्टीला हात लावण्याआधी बिजागऱ्या बघा. वरच्या बिजागरीचे स्क्रू सर्वात आधी ढिले होतात, कारण दार खाली झुकायला लागलं की ओढ तिच्यावरच येते. स्क्रू नुसताच फिरत असेल तर भोकात फेव्हिकॉल घालून लाकडाची काडी ठोका, एक रात्र वाळू द्या आणि जरा लांब स्क्रू मारा. त्यानंतरही घासलं तर खाच फाइलने एक-दोन मिलिमीटर वाढवायची. खाचेची खोलीही बघा. बोल्ट पूर्ण बाहेर येण्याआधीच आत लाकडाला किंवा सुकलेल्या रंगाला टेकला, तर तुमच्या दृष्टीने दार लागलेलं असतं, कुलपाच्या दृष्टीने नसतं.

आणि पावसाळ्यात दाराला रंधा मारून घेऊ नका. आत्ता बरं वाटेल, दिवाळीनंतर फट पडेल. उन्हाळ्यात दार कोरडं असताना त्याच्या वरच्या आणि खालच्या कडेला प्राइमर आणि रंग लावून घ्या. त्या दोन कडा कुणाला दिसत नाहीत म्हणून पुष्कळदा कोऱ्याच राहतात, आणि दमट हवा तिथूनच लाकडात शिरते.

सोल्डरगन

सुतारपक्षी यांच्याशी सहमत, आधी दार. आता माझ्या प्रांतातलं.

सेल कुठले घालता ते लिहिलं नाहीत. घड्याळात आणि रिमोटमध्ये घालतो ते स्वस्त झिंक-कार्बन सेल कुलपात नकोत. त्यांचा अंतर्गत रोध जास्त असतो. मोटर सुरू होताना एकदम करंट मागते, व्होल्टेज खाली बसतं आणि आतला कंट्रोलर क्षणभर बंद पडून पुन्हा सुरू होतो. बाहेरून दिसतं ते एवढंच की कुलूप ट्यूं करून गप्प बसलं. अल्कलाइन घ्या, चारही एकाच पाकिटातले, आणि बदलायचे तेव्हा चारही बदला. दोन जुने दोन नवे केलं तर जुने नव्यांनाही ओढून खाली नेतात, शिवाय गळण्याची भीती.

रिचार्जेबल घालायचा मोह होतो. निकेलवाले सेल १.२ व्होल्टचे, चार मिळून ४.८. अल्कलाइनचे चार मिळून ६. कुलपातला टक्केवारीचा हिशेब बहुधा अल्कलाइनवर बसवलेला असतो, त्यामुळे पूर्ण भरलेला निकेल सेलही त्याला अर्धा रिकामा वाटतो. टाइप-सीने चार्ज होणारे १.५ व्होल्टचे लिथियम-आयन त्याहून फसवे. आत एक कन्व्हर्टर बसवलेला असतो, तो शेवटच्या घटकेपर्यंत १.५ दाखवतो आणि मग एकदम शून्य. 'बॅटरी लो' असं ओरडायला कुलपाला सवडच मिळत नाही. मॅन्युअलमध्ये स्पष्ट चालेल म्हटलं असेल तरच वापरा.

आता वायफाय. सेलवर चालणाऱ्या वस्तूसाठी वायफाय हा महागडा रेडिओ आहे. राउटरशी संबंध टिकवायला कुलपाला सारखं डोळा उघडून बघावं लागतं. रेंज क्षीण असली की एकच निरोप तीन-चारदा पाठवावा लागतो, रेडिओ जास्त वेळ जागा राहतो आणि सेल बसतात. फोनवर वायफाय मोजायचं कुठलंही ॲप घ्या, फोन दाराच्या आतल्या बाजूला अगदी कुलपाला चिकटवून धरा आणि २.४ गिगाहर्ट्झचा आकडा बघा. उणे ६० डीबीएमच्या (रेंजचं माप, उण्यापुढचा आकडा जितका मोठा तितकी रेंज कमी) आसपास असेल तर उत्तम. उणे ७५ असेल तर ती रडारड रोजचीच. कुलपातला अँटेना फोनच्या अँटेनापेक्षा लहान आणि धातूत दडपलेला असतो, म्हणजे कुलपाला तुमच्या फोनपेक्षाही कमी ऐकू येतं असं धरून चला.

राउटरमध्ये एवढं करा. २.४ आणि ५ गिगाहर्ट्झला वेगवेगळी नावं द्या. अशी बरीच कुलपं फक्त २.४ वर चालतात, आणि दोन्ही बँड एकाच नावाखाली असले की जोडणीच्या वेळी गोंधळ होतो. २.४ ची रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवा. चॅनल 'ऑटो'वरून काढून १, ६ किंवा ११ पैकी शेजाऱ्यांची गर्दी कमी असेल त्यावर पक्का करा. सुरक्षा फक्त डब्ल्यूपीए-३ अशी ठेवली असेल तर जुनं कुलूप जोडलंच जाणार नाही, डब्ल्यूपीए-२ किंवा मिश्र ठेवा. आणि राउटर टीव्हीच्या मागून बाहेर काढा हो. टीव्ही म्हणजे पत्र्याची भिंतच.

चाळकरी

फायबरवाल्याला परत बोलावून वायर हलवायची गरज नाही. त्याचा डबा आहे तिथेच राहू दे, त्यातून एक लॅन केबल काढून दाराजवळ शूरॅकवर छोटा ॲक्सेस पॉइंट (केबलवरून वायफाय देणारा डबा) ठेवा. मी पट्टीतून ओढून घेतली. वायरलेस रिपीटर घेऊ नका. तो स्वतःच अर्ध्या रेंजवर उभा असतो, पुढे काय देणार.

मंगला_के

बोटाबद्दल मी लिहिते, आमच्याकडे सासूबाईंमुळे हे सगळं करून झालंय.

वय झालं की बोटांच्या रेषा झिजतात, कातडी कोरडी पडते. आयुष्यभर भांडी घासलेल्या, पोळ्या लाटलेल्या हाताचं तर बघायलाच नको. सेन्सरला उंचवटे नीट लागत नाहीत. आधार मशीनवर सासूबाईंची हीच तऱ्हा असते, त्यामुळे आईला 'तू नीट बोट ठेवत नाहीस' असं कृपा करून म्हणू नका. अंगठा सोडा. मधलं बोट किंवा अनामिका घ्या, त्या कमी झिजलेल्या असतात. एकच बोट दोन-तीन वेगळ्या नोंदी म्हणून घाला: एकदा सरळ, एकदा तिरकं, एकदा नुसतं टोक. आणि नोंद करताना हात धुऊन-पुसून, क्रीम लावून छान तयार करू नका. दुपारी भाजी घेऊन आल्यावर हात जसा असतो तशाच हाताने करा.

तरीही भरवसा बोटावर ठेवू नका. सासूबाईंना मी कार्ड दिलंय, पदराला लावायच्या पिनेत अडकवलेलं. ते ओल्या हातानेही चालतं. आकडेही पाठ आहेत त्यांना, पण चष्मा नसला की पंचाईत.

अजून एक. 'ऑटो लॉक' पाच सेकंदांवर असेल तर आजच वाढवा. आई दूध घ्यायला, नाहीतर कचऱ्याचा डबा ठेवायला नुसतं दाराबाहेर पाऊल टाकते, वाऱ्याने दार लागतं आणि गॅसवर कुकर.

एडिसनकर

न्यू जर्सीतून. आमच्याकडे उलटं आहे, पाऊस नाही, थंडी. दार थेट बाहेर उघडतं, जानेवारीत पारा शून्याखाली. अल्कलाइन सेल थंडीत गळपटतात, आतली रासायनिक क्रिया मंदावते म्हणून. इथे बरेच जण न-भरणारे लिथियम सेल घालतात, ते गोठणबिंदूखालीही चालतात. पण सोल्डरगन म्हणाले तोच दोष त्यांच्यातही आहे, व्होल्टेज शेवटपर्यंत सपाट राहतं. मी टक्केवारीकडे बघतच नाही, नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगच्या आधी डोळे मिटून बदलून टाकतो.

एक सावधगिरीची सूचना, कारण भारतात येताना हे विकत आणणारे बरेच भेटतात. झी-वेव्ह म्हणजे घरातल्या स्मार्ट वस्तू जोडायचा एक रेडिओ. अमेरिकेतली झी-वेव्हची कुलपं ९०८.४२ मेगाहर्ट्झवर चालतात. भारतासाठी झी-वेव्हची वारंवारता ८६५.२ आहे. अमेरिकेतलं कुलूप भारतातल्या हबला (स्मार्ट वस्तू जिथे जोडतात तो डबा) दिसणारच नाही, सेटिंगमध्ये बदलताही येत नाही. शिवाय इथली कुलपं दाराला पाडलेल्या मोठ्या गोल भोकासाठी बनवलेली असतात, तुमच्याकडच्या मॉर्टिसच्या (दाराच्या कडेत कोरलेल्या) खाचेत ती बसत नाहीत. भाच्यासाठी चॉकलेट आणा, कुलूप नको.

घरचा_सर्व्हर

मला वाटतं मूळ मुद्दा अजून कुणी धरला नाही. पाचवा_मजला ॲपमधून दार उघडतात तेव्हा निरोप कुठून कुठे जातो ते बघा. फोनवरून मोबाइल नेटवर्क, तिथून कंपनीचा सर्व्हर (तो देशात असेलच असं नाही), तिथून तुमचा फायबर, राउटर, आणि शेवटी कुलूप. दाराच्या वीतभर पुढे उभं राहून एवढा वळसा! यातला एक दुवा तुटला की 'ऑफलाइन'. दाराशी उभं असताना इंटरनेट लागताच कामा नये. बोट, कार्ड, आकडे हे सगळं कुलपाच्या आतच पडताळलं जातं, त्याला नेट लागत नाही. ॲपच हवं असेल तर ब्लूटूथने उघडणारं बघा.

मी स्वतः झिगबीवर (स्मार्ट वस्तूंसाठीचा, कमी वीज खाणारा वेगळा रेडिओ) आहे, होम असिस्टंटला (घरच्याच कॉम्प्युटरवर चालणारं सॉफ्टवेअर) जोडून, सगळं घरातल्या घरात. सेल वायफायच्या मानाने कितीतरी जास्त टिकतात, कारण झिगबीचं कुलूप बहुतेक वेळ झोपलेलं असतं.

पण झिगबी म्हणजे जादू नव्हे. तोही २.४ गिगाहर्ट्झवरच चालतो, तुमच्या आणि शेजारच्या वायफायच्या गर्दीत. त्याचे चॅनल ११ ते २६. वायफायचे १, ६, ११ जिथे बसतात त्यांच्या मधल्या फटींत १५, २० आणि २५ येतात, त्यातला एक घ्या. आणि हे घर मांडायच्या आधी ठरवा, कारण मागाहून चॅनल बदलला तर काही वस्तू पुन्हा जोडाव्या लागतात. झिगबीचा डोंगल (यूएसबीला लावायचा छोटा रेडिओ) कॉम्प्युटरच्या यूएसबी ३ पोर्टला थेट खोचू नका. यूएसबी ३ मधून २.४ गिगाहर्ट्झवर गोंगाट सुटतो, इंटेलने २०१२ मध्येच त्यावर टिपण काढलंय. मीटरभराची एक्स्टेंशन केबल लावून डोंगल लांब ठेवा.

सोल्डरगन

@घरचा_सर्व्हर, एक राहिलं. सेलवरचं कुलूप दुसऱ्याचा निरोप पुढे देत नाही, ते काम विजेवरच्या वस्तू करतात. म्हणजे दाराजवळ एक झिगबीचा स्मार्ट प्लग हवा. आणि आपल्याकडे गंमत अशी की लोक तो प्लग इन्व्हर्टर नसलेल्या सॉकेटला लावतात. वीज गेली की हब इन्व्हर्टरवर जिवंत, प्लग मेलेला, आणि कुलूप अंधारात नवा पालक (निरोप पुढे देणारी वस्तू) शोधत बसतं. त्या शोधात सेल जातात ते वेगळंच. वीज आल्यावरही काही कुलपं लगेच परतत नाहीत. प्लग इन्व्हर्टरच्या लाइनवरच लावा. आणि स्मार्ट बल्बला निरोप्या करू नका. घरात कुणीतरी सवयीने भिंतीवरचं बटण बंद करणारच.

वायफायवाल्यांनाही हेच लागू. फायबरचा डबा आणि राउटर दोन्हींना १२ व्होल्टचा छोटा यूपीएस लावा. एकालाच लावून उपयोग नाही.

पाचवा_मजला

सगळ्यांचे आभार. रविवारी सुतारपक्षींची कुंकवाची तपासणी केली. डाग खालच्या कडेला, अगदी ठसठशीत. वरच्या बिजागरीचा एक स्क्रू तर बोटाने निघाला. काडी-फेव्हिकॉल करून दार वर आलं, तरी किंचित घासत होतं म्हणून खाच थोडी फाइल केली. आता उघड्या आणि बंद दारात आवाज सारखा येतो, लाल दिवा नाही. सेल अल्कलाइनच होते, पण वेगवेगळ्या वेळी बदललेले. चारही नवे घातले. आईला कार्ड दिलं.

कुलपापाशी आकडा उणे ७८ आला. सेफ्टी डोअर उघडं की बंद याने फारसा फरक पडत नाही. अपेक्षा उलटी होती.

घरचा_सर्व्हर

बरोबरच आहे. राउटर घरात, कुलपाचा रेडिओ आतल्या बाजूला, जाळी त्या दोघांच्या वाटेत येतच नाही. जाळी आड येते ती बाहेरून ब्लूटूथने उघडताना. तुमच्याकडे अडसर म्हणजे हॉल-पॅसेजमधला आरसीसीचा खांब, नाहीतर वाटेत उभा फ्रिज. ॲक्सेस पॉइंटचं मनावर घ्या.

रिसबुड_आळी

आमचं रत्नागिरीला, समुद्र जवळ. इथे कुलूप रेंजने मरत नाही, गंजाने मरतं. सेलच्या खोबणीतल्या स्प्रिंगवर हिरवट-पांढरी बुरशीसारखी पूड धरते, ॲप म्हणतं सेल संपले आणि सेल चांगले ठणठणीत असतात. अल्कलाइन सेल गळून आलेला पांढरा थर असेल तर कापसाच्या काडीने थोडं व्हिनेगर लावून पुसा, मग ओल्या फडक्याने, मग पूर्ण कोरडं करा. आतलं क्षारयुक्त असतं, व्हिनेगरने निघतं. आणि घर बंद करून मुंबईला जाणार असाल तर कुलपात गळके सेल ठेवून जाऊ नका.

किल्लीच्या भोकात खोबरेल तेल घालणाऱ्यांना माझा साष्टांग नमस्कार. पहिले चार दिवस मस्त फिरते, मग त्यात धूळ बसून खळ होते. ग्राफाइटची पूड मिळते, ती फुंकायची. पेन्सिलीचं शिसं किसलं तरी वेळ निभावते.

कडीकोयंडा

तर शेवटी किल्लीवरच आलात.

सुतारपक्षी

काका, किल्लीवर यायचंच असतं. फक्त ती घरातल्या ड्रॉवरमध्ये नसावी. मी ज्यांच्याकडे कुलूप बसवतो त्यांतले कितीतरी जण दोन्ही किल्ल्या खोक्यासकट कपाटात ठेवतात. एक शेजारी, एक ऑफिसात. आणि वर्षातून दोन-तीनदा खरंच किल्लीने उघडून बघा. न वापरलेलं सिलिंडर ऐन वेळी अडतं.

मंगला_के

कुलपाला बाहेरून खाली वीज द्यायची सोय असते ना, सेल पूर्ण मेले तर? आमच्यात ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी टेकवायची दोन टोकं आहेत. नव्या कुलपांत टाइप-सी असतं म्हणतात. ते कुणी वापरून बघितलंय?

सोल्डरगन

हो, आणि त्यात एक खोच आहे. दोन्ही टोकांना टाइप-सी असलेली केबल पॉवर बँकेला लावून काहींचं कुलूप जागंच होत नाही, आणि माणूस म्हणतो पोर्ट खराब. टाइप-सीने वीज द्यायच्या आधी पॉवर बँक समोरच्या वस्तूत विशिष्ट रोधक आहेत का ते बघते, ५.१ किलोओहमचे. स्वस्त कुलपांत ते बसवलेलेच नसतात. जुन्या चपट्या यूएसबीतून टाइप-सीला जाणारी साधी केबल वापरली की ही तपासणीच होत नाही, वीज सरळ मिळते. मुलीच्या दप्तरात किल्ली टिकत नसेल तर शेजारी किल्लीबरोबर ती केबल आणि पॉवर बँकही ठेवा. आणि एकदा सेल काढून प्रयोग करून बघा, पण दार उघडं ठेवून!

९ व्होल्टवाल्यांसाठी: बॅटरी टेकवून नुसतं दार उघडणार नाही, ती धरून ठेवूनच बोट किंवा आकडे द्यायचे.

एडिसनकर

फर्मवेअर (कुलपाच्या आतलं सॉफ्टवेअर) अपडेटचं कुणी बोललं नाही. २०१७ च्या ऑगस्टमध्ये इथल्या एका कंपनीने चुकीच्या मॉडेलचं फर्मवेअर वायफायवरून पाठवलं आणि सुमारे ५०० कुलपांचे आकडेच चालेनासे झाले. त्यातली बरीच पाहुण्यांना भाड्याने द्यायच्या घरांना लावलेली होती. मालक एका गावात, पाहुणा दारात. किल्ली असलेले सुटले, बाकीच्यांना कुलपाचा मागचा भाग काढून कंपनीकडे पाठवावा लागला.

तेव्हापासून माझं ऑटो-अपडेट बंद. शनिवारी सकाळी, घरात असताना, दार उघडं ठेवून, नव्या सेलवर अपडेट करायचं.

घरचा_सर्व्हर

ऑटो-अपडेट बंद ठेवण्याला माझा विरोध आहे. सुरक्षेच्या दुरुस्त्या त्यातूनच येतात, आणि 'शनिवारी करू' म्हणणाऱ्यांचा शनिवार कधी उगवत नाही. निदान महिन्याची आठवण लावा.

एडिसनकर

माझा उगवतो. पण मुद्दा मान्य.

चाळकरी

मॅटरचं, म्हणजे सगळ्या कंपन्यांच्या स्मार्ट वस्तूंसाठीच्या त्या सामाईक मानकाचं, काय? सगळे म्हणतात त्याने हा सगळा घोळ मिटणार.

घरचा_सर्व्हर

घोळ मिटणार नाही, वळसा मिटेल. मॅटरची १.० आवृत्ती ऑक्टोबर २०२२ मध्ये आली, त्यात दाराची कुलपं पहिल्यापासून होती. निरोप घरातल्या घरात फिरतो, कंपनीचा सर्व्हर मध्ये लागत नाही, आणि एकच कुलूप दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या ॲपना जोडता येतं. थ्रेडवरचं (थ्रेड म्हणजे झिगबीसारखाच कमी विजेचा रेडिओ) मॅटर कुलूप सेलही कमी खातं. पण थ्रेडसाठी घरात बॉर्डर राउटर हवा, म्हणजे थ्रेड असलेला स्पीकर किंवा हब. आणि थ्रेडही २.४ वरच, त्यामुळे वर लिहिलेलं गर्दीचं, प्लगचं, इन्व्हर्टरचं सगळं तसंच लागू. खोक्यावर 'मॅटर' लिहिलंय तेवढ्यावर जाऊ नका. खाली 'थ्रेड' आहे की 'वायफाय' ते बघा.

पाचवा_मजला, तुम्ही मात्र लगेच बदलू नका. दार सुधारलं, सेल सुधारले, राहिली रेंज. तेवढ्यासाठी नवं कुलूप घेणं म्हणजे पैसा फुकट.

सुतारपक्षी

नवं घ्यायची वेळ आलीच तर आतल्या बाजूला हाताने फिरणारी मूठ आहे ना, एवढं बघा. आग लागली, धूर झाला, तर आईला आतून सेल-बिल न बघता उघडता आलं पाहिजे. आणि सेफ्टी डोअरला बाहेरून वेगळं टाळं लावायची सवय असेल तर ती बंद करा. एवढं सगळं करून माणूस आत अडकायचा.

पाचवा_मजला

मूठ आहे, आई रात्री तीच फिरवते. लॅन केबल ओढायला इलेक्ट्रिशियनला सांगितलंय, गणपतीच्या आत येतो म्हणालाय, बघू.

एक शेवटचं विचारतो. ॲपमधून पाहुण्यांसाठी एका दिवसाचा आकडा काढता येतो, कुलूप ऑफलाइन असलं तरी चालतो म्हणतात. सेल बदलल्यापासून तो चालत नाहीये. घरच्यांचे नेहमीचे आकडे चालतात. कामवाल्या मावशींना मी तोच देतो.

सोल्डरगन

घड्याळ चुकलंय कुलपाचं. तो तात्पुरता आकडा नेटवरून कुलपाकडे जातच नाही. ॲप आणि कुलूप दोघंही एकाच गुप्त किल्लीवरून आणि वेळेवरून स्वतंत्रपणे हिशेब करतात, बँकेचं ओटीपी बनवणारं यंत्र करतं तसं. सेल बराच वेळ बाहेर राहिले की आतलं घड्याळ मागे पडतं किंवा पहिल्या दिवसावर जातं, मग दोघांचा हिशेब जुळत नाही. नेहमीचे आकडे वेळेवर अवलंबून नसतात म्हणून ते चालतात.

कुलपाजवळ उभे राहा, ब्लूटूथ चालू करा, ॲपमध्ये सेटिंगखाली कुलपाची वेळ जुळवायचा पर्याय असतो, तो दाबा. मग आधी काढलेला आकडा टाकून द्या, मावशींसाठी नवीन काढा. पुढच्या वेळी चारही नवे सेल हातात तयार ठेवूनच जुने काढा, म्हणजे मधला वेळ फार जाणार नाही.

पाचवा_मजला

झालं. कुलूप वेळ काही वर्षं मागची दाखवत होतं. मावशींना नवीन आकडा पाठवला.